बॉल आला की मूल डोळे मिटतं, तोंड फिरवतं आणि झेल सुटतच राहतो, काय करायचं?

लहान मुलांबरोबर बॉल टाकायचा-झेलायचा खेळ सुरू केला की एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते, कोणाचंही मूल असो. मूल दोन्ही हात पुढे करून उभं असतं, बॉल निघतो, आणि अगदी जवळ आला की तोंड बाजूला, डोळे घट्ट बंद, खांदे कानापर्यंत वर. बॉल छातीला लागून खाली पडतो आणि तो पडल्यावर हात मिटतात. मग मोठं माणूस म्हणतं, "अरे बघ ना बॉलकडे!" आणि पुढचा बॉल अगदी तसाच टाकतं. पुन्हा तेच. थोडे दिवस खेळलं की जरा जमायला लागतं, वाटतं चला सुटला प्रश्न, आणि मग अचानक परत सगळं पहिल्यासारखं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाचा झेल सुटतो तेव्हा बहुतेक वेळा दुरुस्ती टाकणाऱ्याने करायची असते, झेलणाऱ्याने नाही. बॉल कुठला घ्यायचा, तो कुठून निघणार, किती वेळ हवेत राहणार, मुलाच्या अंगावर कुठे येणार, हे सगळं मोठ्यांच्या ताब्यात असतं, मुलाच्या ताब्यात फक्त शेवटचा एक क्षण असतो आणि आपण बोलत राहतो ते त्या क्षणाबद्दल.

आधी बाजूला उभं राहून बघा

तुम्ही स्वतः टाकत असता तेव्हा तुमचं लक्ष बॉलवर असतं, त्यामुळे मुलाचं नेमकं काय होतंय ते दिसत नाही, फक्त "सुटला" एवढंच दिसतं. दुसऱ्या कोणाला तरी टाकायला सांगा आणि बाजूने बघा, किंवा मोबाईल कशाला तरी टेकवून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या, मुलाचा चेहरा आणि हात दोन्ही येतील असा. बॉलकडे बघायचंच नाही, फक्त मुलाकडे बघायचं. डोळे कधी मिटतात, बॉल निघताना की अंगाजवळ आल्यावर? हात कधी मिटतात, बॉल यायच्या आधी, बरोबर वेळेवर की नंतर? बॉल हातात येऊन उडतो की हातापर्यंत पोचतच नाही? हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिघांवर उपाय वेगळे आहेत, सगळ्यांना "प्रॅक्टिस कर" एवढं एकच उत्तर दिलं तर काहीच सुधारत नाही.

डोळे मिटतात, तोंड फिरतं

हे भित्रेपणाचं लक्षण नाही, हे आधी पक्कं समजून घ्या आणि मुलासमोर तसं बोलूही नका. चेहऱ्याच्या दिशेने काहीतरी भराभर मोठं होत आलं की पापण्या मिटतात, हे शरीराने स्वतःच्या बचावासाठी ठेवलेलं आहे, काही महिन्यांच्या बाळातही ते दिसतं. "घाबरू नको" म्हणून ते थांबत नाही. बॉल चेहऱ्याकडे यायचा थांबला की थांबतं.

म्हणून पहिली गोष्ट, खाली बसा. आपण उभे असलो की आपला हात मुलाच्या छाती-चेहऱ्याच्या लेव्हलला असतो, वरून टाकला तर डोक्याच्याही वर, तिथून निघालेला बॉल मुलाला थेट तोंडावर येताना दिसतो. गुडघ्यांवर बसा आणि खालून टाका, म्हणजे हात मांडीजवळून पुढे नेत, तळहात वर, बॉल हलकेच सोडायचा. नेम मुलाच्या पोटावर, बेंबीच्या जरा वर. एवढ्या एका बदलाने अर्ध्या मुलांचे डोळे उघडे राहायला लागतात असं मी छातीठोकपणे सांगेन, पण तो बदल रोज पाळावा लागतो, एक दिवस बसून टाकला आणि दुसऱ्या दिवशी कंटाळा आला म्हणून उभ्यानेच टाकला तर परत पापण्या मिटणार.

दुसरी गोष्ट वेळेची, आणि इथे जरा आकडे बघण्यासारखे आहेत. कमान देऊन टाकलेला बॉल हवेत किती वेळ राहतो हे तुम्ही किती लांब उभे आहात त्यावर ठरत नाही, बॉल किती वर जातो त्यावर ठरतं. तुमच्या हातापासून अर्धा मीटर वर गेला आणि तेवढाच खाली आला तर साधारण ०.६४ सेकंद. एक मीटर वर गेला तर ०.९ सेकंद. आणि दोन मीटरवरून सरळ रेषेत, जरा जोरात, म्हणजे सेकंदाला पाच मीटर वेगाने टाकला तर ०.४ सेकंद, संपला खेळ. चार वर्षांच्या मुलाला बॉल निघाला हे कळायला, हात कुठे न्यायचे ते ठरवायला आणि न्यायला मोठ्यांपेक्षा खूप जास्त वेळ लागतो. झेल सुटला की आपण म्हणतो "ये, जवळ ये", आणि जवळून परत सरळच टाकतो, म्हणजे होता तो वेळही कमी केला! जवळ आलात तरी बॉलला कमान द्या. फक्त कमान फार उंच नको, मुलाच्या डोळ्यांपेक्षा थोडी वर एवढीच, कारण फार उंच गेला की मूल मान मागे टाकून बघतं, तोल जातो, आणि वरून येणारा बॉल पुन्हा चेहऱ्याकडेच येतो, तोही वेगाने.

तिसरं, बॉल. घरात सापडेल तो बॉल घेऊन खेळायला लागतो आपण, बहुतेक वेळा टेनिसचा, जो जेमतेम साडेसहा-पावणेसात सेंटिमीटरचा असतो. शिकताना पंधरा ते वीस सेंटिमीटरचा, हलका, मऊ, हवा थोडी कमी असलेला बॉल हवा, अंगाला लागला तरी काही वाटणार नाही असा. घेण्याआधी तो स्वतःच्या नाकावर हलकेच आपटून बघा. तुम्हाला टोचला, झोंबला, तर मुलाला नको.

एकदा नाकावर लागलंय आणि त्यानंतर मूल बॉल बघूनच मागे सरकतंय, असं असेल तर हवेतून टाकायचं काही दिवस पूर्ण बंद. दोघं जमिनीवर समोरासमोर पाय फाकवून बसा आणि बॉल घरंगळत ढकला. हे बाळांचं खेळणं नाही, यात झेलण्याचं निम्मं काम होऊन जातं: येणाऱ्या बॉलवर नजर धरून ठेवायची, हात त्याच्या रेषेत न्यायचे आणि वेळेवर मिटायचे. फक्त चेहऱ्याचा धोका काढून टाकलेला असतो. मग हळूहळू बसल्या बसल्याच एक टप्पा देऊन टाका. टप्पा पडून वर आलेला बॉल अगदी वर पोचल्यावर क्षणभर थांबल्यासारखा होतो, तो क्षण मुलाच्या पोटासमोर आला की पकडायला सगळ्यात सोपा.

आणि "बॉलकडे बघ" हे वाक्य. मूल बघतंच असतं, पण तुमच्या चेहऱ्याकडे, कारण बोलताय तुम्ही! बॉलवर एक ठळक ठिपका काढा, किंवा दोन रंगांचा बॉल घ्या, आणि टाकायच्या आधी विचारा "ठिपका दिसला?", हो म्हटलं की मगच टाका, आणि पकडल्यावर विचारा "हातात आला तेव्हा ठिपका कुठे होता?" आता बघायला काहीतरी नेमकं मिळालं. "तयार?" विचारून उत्तराची वाट बघणंही तेवढंच महत्त्वाचं, बरीच मोठी माणसं विचारता विचारताच बॉल सोडतात.

फुग्याचं काय?

सगळे सांगतात फुग्याने सुरू करा. चांगला सल्ला आहे, फुगा सावकाश येतो, लागत नाही, नजर धरायची सवय होते. पण माझं मत असं की फुग्यावर फार दिवस राहू नये. फुग्याला मुलं झेलत नाहीत, थापट्या मारतात, आणि मग बॉल आला तरी हात उघडून मारायलाच जातात. फुगा सावकाश असल्यामुळे हात मिटायचं टायमिंगही शिकवत नाही. त्यापेक्षा पातळ रुमाल वर उडवून पकडायला द्या, तोही सावकाश तरंगत येतो पण त्याला मूठ मिटूनच धरावं लागतं.

फुगा घेतलात तर एक गोष्ट मात्र जिवाची आहे. न फुगवलेला फुगा किंवा फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकून मुलं गुदमरतात, अमेरिकेत फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालच्या मुलांसाठी ही धोक्याची सूचना छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे. फुगा मोठ्या माणसाने फुगवायचा, फुटला की खेळ थांबवून सगळे तुकडे आधी उचलायचे, आणि मुलाला फुग्याबरोबर एकटं सोडायचं नाही. तसंच लहान बॉलचं, त्याच देशात तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात ४४.४ मिलिमीटर किंवा त्याहून लहान बॉल चालत नाही, आणि टेबल टेनिसचा बॉल ४० मिलिमीटरचाच असतो. घरात धाकटं मूल असेल तर मोठ्याचे बारके बॉल कुठे पडलेत त्यावर लक्ष ठेवा.

हात वेळेवर मिटत नाहीत

डोळे उघडे आहेत, बॉलकडे बघतंय, तरी सुटतो. बाजूने बघितलंत तर दिसेल की कोपरं ताठ, हात लाकडाच्या फळीसारखे समोर, बोटं फाकलेली. मूल हात घेऊन उभं आहे आणि बॉल त्यात येऊन पडेल याची वाट बघतंय. बॉल दोन हातांच्या मधून जातो, छातीला लागतो, आणि छातीला लागला हे कळल्यावर हात मिटतात. मुलाला बॉलची खबर डोळ्यांकडून मिळत नाहीये, छातीकडून मिळतेय.

दोन-तीन वर्षांच्या मुलात हे अगदी ठीक आहे, तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. त्यानंतर मूल बॉलला छातीशी कवटाळून पकडायला लागतं, दोन्ही हातांनी मिठी मारल्यासारखं, आणि बरेच पालक तिथे टोकतात, "छातीला लावायचा नाही, हातात पकड". कृपा करून टोकू नका. मिठी मारून पकडणं ही मधली पायरी आहे, तिच्यावरून गेल्याशिवाय नुसत्या हातांची पकड येत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने वयानुसार मुलं काय करतात त्याची यादी दिली आहे, त्यात चौथ्या वर्षी मोठा बॉल बहुतेक वेळा पकडतं एवढंच लिहिलंय. मोठा बॉल, आणि बहुतेक वेळा. लहान बॉल नुसत्या बोटांनी पकडायची घाई साडेतीन वर्षांच्या मुलाकडून करणारे आपण कोण!

काय करायचं तर सुरुवातीला कोपरं वाकवा. "हात पोटाजवळ ठेव, बॉल आला की पुढे ने" एवढंच सांगा. हात आधीच पुढे ताणलेले असले की त्यांना जायला जागाच उरत नाही. मग टायमिंगसाठी दुसऱ्याने टाकलेला बॉल नकोच, स्वतःचाच बॉल द्या. मुलाने दोन्ही हातांनी बॉल समोर धरायचा, सोडायचा, टप्पा पडून वर आला की पकडायचा. स्वतः सोडलेला असल्यामुळे कधी येणार हे त्याला आधीच माहीत असतं. हे जमलं की स्वतःच वर उडवून पकडायचं, आधी नाकापर्यंत, मग डोक्याच्या जरा वर. मग मधे एक टाळी घालायची. टाळीचा खेळ मुलांना फार आवडतो, आणि बॉल तीस सेंटिमीटरच वर उडवला तर हातात परत यायला अर्धा सेकंद मिळतो, त्यात एक टाळी बसते, दोन टाळ्या वाजवायच्या तर जास्त उंच उडवायला लागतो हे ती स्वतःच शोधून काढतात, कोणी शिकवायला लागत नाही.

हातांची दिशा हा अजून एक मुद्दा. बॉल कमरेच्या खाली येत असेल तर करंगळ्या जवळ, बोटं खाली, ओंजळ. छातीच्या वर येत असेल तर अंगठे जवळ, बोटं वर. हे भाषण देऊन सांगू नका, मुलाचे हात तुमच्या हातात घेऊन एकदा ओंजळ करून दाखवा आणि नेम कमरेजवळ ठेवून फक्त ओंजळीचे झेल द्या, बरेच दिवस. वरचे झेल मागाहून.

हातात येतो आणि उडून जातो

याचं कारण बहुतेक वेळा बॉलमधली जास्तीची हवा असते. टणक फुगवलेला बॉल कडक तळहातावर आदळला की उडणारच. थोडी हवा काढा, अंगठ्याने दाबल्यावर खड्डा पडेल इतकी. किंवा मोज्यांचा बॉल करा, तीन-चार मोजे एकात एक घट्ट गुंडाळले की झालं, तो उडत नाही, घरंगळत सोफ्याखाली जात नाही, काही फुटतही नाही. घरातल्या खेळासाठी मला हाच सगळ्यात आवडतो. धान्य किंवा तांदूळ भरलेली लहान थैलीही छान, हातात पडली की बसते, फक्त शिवण पक्की हवी.

त्याबरोबर हात मऊ ठेवायला शिकवा. "आवाज न करता पकड" असा खेळ लावा. आवाज न करता पकडायचं तर बॉल हाताला लागला की हात अंगाकडे थोडे मागे घ्यावेच लागतात, आणि नेमकं तेच हवंय. हात मागे घे असं सांगितलं तर मुलं बॉल यायच्या आधीच मागे घेतात आणि बॉल सुटतो, आवाजाचं सांगितलं की बरोबर वेळेवर घेतात.

टाकताना बॉल कुठेही जातो

झेलण्याइतकीच ही तक्रारही येते, बॉल पायाशीच आपटतो, किंवा मागे जातो, किंवा छताला. यात दोन वेगळ्या भानगडी आहेत. एक म्हणजे बॉल सोडायची वेळ: हात डोक्यावरून नेऊन टाकताना लवकर सोडला तर वर जातो, उशिरा सोडला तर पायाशी. ती वेळ फक्त टाकून टाकूनच सापडते, सांगून सापडत नाही, त्यामुळे भरपूर टाकायला द्या आणि प्रत्येक वेळी बोलू नका. दहा-बारा मोज्यांचे बॉल एका बादलीत ठेवले की मूल एकामागे एक टाकत राहतं, एकच बॉल असला की टाकण्यापेक्षा आणायला पळण्यातच वेळ जातो.

दुसरी भानगड पायांची. लहान मुलं दोन्ही पाय जमिनीला चिकटवून नुसत्या हाताने टाकतात, थोडी मोठी झाली की ज्या हाताने टाकतात त्याच बाजूचा पाय पुढे घेतात, आणि त्यानंतर कधीतरी विरुद्ध पाय पुढे यायला लागतो. उजव्या हाताने टाकताना डावा पाय पुढे, तेव्हा कंबर फिरते आणि जोर येतो. हे घडवून आणायचा सोपा मार्ग म्हणजे जमिनीवर एक स्टिकर लावा आणि "यावर पाय आपटून टाक" म्हणा. मुलाने तुमच्याकडे तोंड करून नाही तर बाजू करून उभं राहायचं.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. नेम मार, नेम मार, असं सांगितलं की मुलं आखडतात, पाय उचलत नाहीत, कोपरातून हलकेच ढकलतात, टाकण्याची पद्धत बिघडते. त्याऐवजी "जोरात टाक!" म्हटलं की पाय आपोआप पुढे येतो, अंग फिरतं. म्हणून सुरुवातीला जोर, नेम नंतर. भिंत, जाडसर पडदा, दोरीवर टाकलेली चादर, कशावरही मऊ बॉल जोरात मारू द्या. नेमाचा खेळ वेगळा ठेवा, तो खालून टाकायचा, मोठ्या टबात, जवळून. दोन्ही एकाच खेळात कोंबले की दोन्ही बिघडतात, आणि समोर माणूस उभा असला की मुलाला जोर आणि नेम दोन्ही एकदम सांभाळायला लागतं. खूप मुलांचं टाकणं तेवढ्यामुळेच अडतं.

कुठला हात, हे मुलाला ठरवू द्या. बॉल त्याच्या मधोमध समोर ठेवा आणि कुठल्या हाताने उचलतंय ते बघा, आज हा उद्या तो असं चाललं असेल तर चालू द्या, काही मुलांचा हात पक्का व्हायला शाळेत जायचं वय उजाडतं. डावखुरं असेल तर स्टिकर उजव्या पायासाठी, एवढाच फरक.

दीड-दोन वर्षांचं मूल बॉल फेकतंच राहतं आणि परत घेत नाही, ही तक्रार असेल तर तो प्रश्न नाही. त्या वयात टाकणं हाच खेळ आहे. परत आणून देणारं माणूस मात्र लागतं.

जमलेलं परत बिघडतं, असं का होतं

आता मूळ मुद्दा, पुन्हा पुन्हा येणारा. मूल मोठ्या मऊ बॉलने, बसलेल्या माणसाकडून, दीड मीटरवरून छान पकडायला लागतं. आपल्याला आनंद होतो. आणि त्याच आनंदात पुढच्या वेळी आपण लहान बॉल घेतो, उभे राहतो, मागे सरकतो, शिवाय बाहेर मैदानात जातो. चार गोष्टी एकदम बदलल्या! मूल सोडतं, चेहऱ्यावर एखादा लागतो, पापण्या परत मिटायला लागतात, आणि आपण म्हणतो "काल तर येत होतं, आज मुद्दाम करतोय". मुद्दाम काहीच नाही. काल त्याला जे येत होतं ते आजही येतंय, आपण काम बदललं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. बॉल लहान करायचा असेल तर जागा, अंतर, उंची सगळं तेच ठेवून फक्त बॉल. दहा टाकले आणि सात-आठ पकडले, असं दोन-तीन दिवस दिसलं की मग पुढची गोष्ट. मी साधारण हा क्रम धरते: आधी अंतर थोडं वाढवायचं, मग टाकणाऱ्याने उभं राहायचं, मग बॉल लहान, मग बॉल जरा डावीकडे-उजवीकडे टाकून मुलाला एक पाऊल सरकायला लावायचं, आणि पळत पळत झेलणं सगळ्यात शेवटी. बाजूला सरकून पकडणं आपल्याला किरकोळ वाटतं पण ते वेगळंच काम आहे, सरळ अंगावर येणारा झेल पकडणारं मूल एक पाऊल उजवीकडचा झेल उभ्या उभ्या सोडून देतं, हात नुसते तिकडे जातात आणि पाय तिथेच. तेव्हा बॉल बाजूला ठेवा आणि आधी नुसते पाय हलवण्याचा खेळ घ्या, तुम्ही बॉल हातात धरून डावीकडे-उजवीकडे सरकायचं आणि मुलाने समोर तसंच सरकायचं, बॉल सोडायचाच नाही.

बिघडलं की मागच्या पायरीवर जा, पण "तुला येत नाहीये म्हणून" असं न म्हणता. आणि शेवटचे दोन-तीन झेल अगदी सोपे द्या, पकडलेल्या झेलावर थांबा, मूल दुसऱ्या दिवशी स्वतःहून बॉल घेऊन येतं.

जागा बदलल्याने बिघडणं हेही फार होतं आणि कोणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या मागे खिडकी किंवा सूर्य असेल तर मुलाला बॉल काळ्या ठिपक्यासारखा दिसतो, डोळे किलकिले होतात. तुम्ही उजेडाकडे तोंड करून उभे राहा, मुलाच्या पाठीशी उजेड. तुमच्या मागची भिंत पांढरी असेल तर पांढरा बॉल नको, तुमचा शर्ट पिवळा असेल तर पिवळा बॉल नको. वारा असेल तर हलका फुगवायचा मोठा बॉल बाहेर नेऊच नका, तो कुठेही भरकटतो आणि मुलाने धरलेला अंदाज दर वेळी चुकतो.

चार-पाच मुलं असली की

सुटला की आऊट, हा नियम या वयात काढून टाका. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तेच मूल पहिल्या मिनिटाला बाहेर बसतं आणि ज्याला येतंच ते शेवटपर्यंत खेळत राहतं. त्याऐवजी जोड्या करा, प्रत्येक जोडीला एक बॉल. पकडला की दोघांनी एक पाऊल मागे, सुटला की एक पाऊल पुढे. हा खेळ स्वतःच अंतर ठरवतो, ज्यांना जमतं ती लांब जातात, ज्यांना नाही ती जवळ येतात, आणि जवळ आल्यावर परत जमायला लागतं. कमान ठेवून खालूनच टाकायचं, एवढं मात्र बघत राहा.

गोलात उभं राहून नाव घेऊन टाकायचा खेळही चांगला, नाव आधी, समोरच्याने बघितलं की बॉल. नाव न घेता टाकलेला बॉल पकडला तरी मोजायचा नाही.

डॉक्टरांना कधी दाखवायचं

झेल सुटतो म्हणून लगेच काही आजार समजू नका. पण मूल कायम एकाच बाजूचे बॉल सोडत असेल, बॉल बघताना मान वाकडी करत असेल, एक डोळा मिटून किंवा झाकून बघत असेल, किंवा डोळा तिरळा वाटत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि वाट बघू नका. दोन्ही डोळे मिळून काम करत नसतील तर येणारा बॉल किती लांब आहे याचा अंदाज चुकतो, आणि एका डोळ्याची नजर मंद राहिली असेल तर उपाय जितका लवकर तितका चांगला लागू पडतो. पूर्वी येत असलेलं यायचं बंद झालं, फक्त बॉलच नाही तर चालणं, जिना चढणंही, तर मुलांच्या डॉक्टरांना ताबडतोब दाखवा.

बॉलबरोबरच बटणं लावणं, चमच्याने खाणं, उडी मारणं, पेन्सिल धरणं अशा बऱ्याच गोष्टी बरोबरीच्या मुलांपेक्षा खूप अवघड जात असतील तर हालचालींचा ताळमेळ जमण्यातली अडचण असू शकते, शाळेच्या वयातल्या साधारण ५ ते ६ टक्के मुलांमध्ये ती असते, आणि पाच वर्षांच्या आधी सहसा तसं निदान करत नाहीत. अशा मुलाला आळशी, धांदरट म्हणणं फार अन्यायाचं आहे. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजच्या कामांच्या हालचाली सरावाने जमवून देणारे तज्ज्ञ, यात खूप मदत करतात.

दोन वेगवेगळ्या वयांची भावंडं

सात वर्षांचं आणि तीन वर्षांचं एकत्र खेळायला लागलं की मोठ्याचा बॉल जोरात येतो, धाकट्याला लागतो, रडारड, खेळ बंद. मोठ्याला "हळू टाक" म्हणून उपयोग नाही, त्याला हळू म्हणजे किती ते कळत नाही. दोघांच्या मधे जमिनीवर एक दोरी किंवा रिंग ठेवा आणि मोठ्याने बॉलचा टप्पा रिंगमध्येच पाडायचा असा नियम करा. त्याला नेमाचं काम मिळतं, धाकट्याला टप्पा पडून संथ झालेला बॉल मिळतो. धाकट्याने परत टाकलेला बॉल कुठेही जाईल, तो मोठ्याने जमिनीला टेकायच्या आत किंवा एका टप्प्यात पकडायचा. रिंग धाकट्यापासून तीन-चार पावलांवर, मोठ्याच्या जास्त जवळ ठेवा, धाकट्याच्या पायाशी टप्पा पडला तर बॉल उसळून थेट हनुवटीवर येतो.